सबुरीआधी श्रद्धा

कॅलिफोर्नियातल्या सांता आना शहरात बेघर कुटुंबांसाठी एक निवारा होता. सेलेस्ट किड तरुणपणी तिथे स्वयंसेवक म्हणून काम करायची. अनेक कुटुंबं एकाच छताखाली आणि लहानमोठी पोरं सगळीकडे. एखाद्याच्या हातात खेळणं किंवा गोळी पडली, की त्याच्याहून थोराड पोरगं कधी येऊन हिसकावून नेईल याचा नेम नसे. मानसशास्त्रातला मार्शमॅलोचा गाजलेला प्रयोग तिला ठाऊक होता. तिच्या मनात आलं, इथल्या मुलांवर तो केला तर एकूण एक मूल समोरची मिठाई ताबडतोब खाऊन टाकेल. आणि त्यात त्या मुलांचं काय चुकेल?

पुढे संशोधक झाल्यावर तिने हा प्रश्न प्रयोगशाळेत नेला. त्यातून जे हाती आलं ते मूल वाढवणाऱ्या प्रत्येक घराने ऐकावं असं आहे. कारण मिठाईच्या बशीपुढे बसवलेलं मूल त्या वेळी आपल्यालाच जोखत असतं.

मूळ प्रयोग वॉल्टर मिशेल यांचा. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बिंग नर्सरी स्कूलमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीस तो सुरू झाला. चार-पाच वर्षांच्या मुलाला एका खोलीत टेबलापाशी बसवायचं. समोर बशीत एखादं बिस्कीट किंवा मार्शमॅलो, म्हणजे साखर आणि जिलेटिनचा कापसासारखा मऊ गोळा. मग सांगायचं, ‘मी जरा बाहेर जाऊन येते. येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. नाहीच राहवलं तर ही घंटी वाजव, मी लगेच येईन. पण मग एकच.’ मुलांचे हाल बघण्यासारखे होत. कुणी डोळे झाकून घेई, कुणी पाठ फिरवून बसे, कुणी स्वतःशीच गाणं म्हणे. मिशेल यांचं कुतूहल मुळात या युक्त्यांबद्दलच होतं. समोरचा गोळा म्हणजे ढग आहे अशी कल्पना करायला सांगितलं की मुलं जास्त वेळ तग धरतात, हे त्यांनी दाखवलं. संयम म्हणजे कुणाला मिळालेली आणि कुणाला न मिळालेली देणगी आहे, असं त्यांना म्हणायचं नव्हतं. ते त्यांना शिकता येण्याजोगं कसब वाटत होतं.

जगाने मात्र नेमका उलटा अर्थ उचलला. १९९० मध्ये मिशेल आणि सहकाऱ्यांनी त्याच मुलांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. लहानपणी जास्त थांबलेल्यांना महाविद्यालय प्रवेशाच्या सॅट परीक्षेत जास्त गुण मिळाल्याचं त्यात दिसलं. पाच वर्षांनी डॅनियल गोलमन यांच्या ‘इमोशनल इंटेलिजन्स’ या पुस्तकाने ही गोष्ट घरोघर पोचवली. मग पालकांच्या कार्यशाळा, कंपन्यांची प्रशिक्षणं, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या चित्रफिती. २०२०च्या टाळेबंदीत तर जगभरच्या आईबापांनी आपल्याच पोरांपुढे खाऊ ठेवून मोबाइल रोखले. चौथ्या वर्षी थांबलेलं मूल पुढे यशस्वी होणार आणि न थांबलेलं मागे पडणार, हे जणू कुंडलीत लिहिल्यासारखं ठरून गेलं.

कुंडली मांडायला मुलं किती होती? सॅटच्या गुणांशी ठळक नातं दिसलं ते ज्या गटात, त्यात पन्नासही नव्हती. त्यातही सगळी एका नामवंत विद्यापीठाच्या परिसरातली, बरीचशी प्राध्यापकांची नाहीतर तिथल्या विद्यार्थ्यांची. मिशेल यांच्या तिन्ही मुली याच शाळेतल्या. निष्कर्ष जपून काढा, असं संशोधकांनी स्वतःच म्हटलं होतं. पण एवढं बारीक कोण वाचतं?

खरं तर दुसरा धागा मिशेल यांच्या हाती याच्या कितीतरी आधी लागला होता. १९५०च्या दशकात ते त्रिनिदाद बेटावर काम करत होते. तिथे आफ्रिकी वंशाची आणि भारतीय वंशाची माणसं शेजारी राहत. भारतीय म्हणजे उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया म्हणून नेलेल्या मजुरांची पुढची पिढी. मिशेल यांनी तिथल्या शाळकरी मुलांना विचारलं, लहान गोळी आज हवी की मोठी गोळी पुढच्या आठवड्यात? उत्तरं वंशानुसार वेगळी पडताहेत असं आधी वाटलं. बारकाईने पाहिल्यावर कळीची गोष्ट निराळीच निघाली. ज्यांच्या घरात वडील नव्हते ती मुलं बहुतेक वेळा लहान गोळी आजच घेत होती. पुढच्या आठवड्यात परत येईन म्हणणारा हा परका गोरा माणूस खरंच येईल, हे त्यांनी कशाच्या भरवशावर मानावं?

सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी रॉचेस्टर विद्यापीठात २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या प्रश्नापासून सुरू होतो. मुलं २८, वय तीन ते पाच. प्रत्येकाला आधी चित्र रंगवायला बसवलं आणि वापरून झिजलेले खडू दिले. बाई म्हणाल्या, थांबलास तर छान नवे रंग घेऊन येते. निम्म्या मुलांसाठी त्या खरंच रंग घेऊन आल्या. उरलेल्या निम्म्यांना म्हणाल्या, अरेरे, रंग नाहीतच. नंतर हाच खेळ स्टिकरांचा झाला. मग मार्शमॅलो. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना दोनदा फसवलं होतं ती तीन. पहिल्या गटातल्या १४ पैकी ९ जणांनी पूर्ण पंधरा मिनिटं काढली, दुसऱ्यातल्या १४ पैकी फक्त एकाने.

कोणत्या मुलाने कोणत्या गटात जायचं हे संशोधकांनीच नशिबावर सोडलं होतं. म्हणजे एकीकडे सुसंस्कारित आणि दुसरीकडे लाडावलेली मुलं, असा प्रकार नव्हता. न आलेले रंग आणि न आलेले स्टिकर, एवढ्यावर नऊ मिनिटांचा फरक पडला. २८ मुलांवरून फार मोठ्या बाता मारू नयेत, हे खरंच. पण त्यानंतर कोलोरॅडोच्या संशोधकांनाही हेच दिसलं. समोरचा मोठा माणूस दुसऱ्याशी खोटेपणाने वागतोय एवढं नुसतं पाहिलं, तरी मुलं त्याच्यासाठी कमी वेळ थांबली.

इकडे मूळ कुंडलीचाही रंग उडत गेला. टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ९१८ मुलांच्या नोंदी तपासल्या. थांबण्याचं आणि पुढच्या अभ्यासातल्या प्रगतीचं नातं होतं, पण पूर्वी दिसलं त्याच्या निम्म्यानेच. कुटुंबाची परिस्थिती, घरातलं वातावरण आणि मुलाची सुरुवातीची समज हिशेबात घेतल्यावर उरलेल्यातलंही दोन-तृतीयांश विरून गेलं. बिंग शाळेतली मुलं चाळिशीत पोचल्यावर त्यांची मिळकत आणि बचतही पाहिली गेली. चौथ्या वर्षीच्या त्या मिनिटांवरून त्यातलं काही सांगता येत नाही, असं निघालं. २०२० मध्ये छापून आलेल्या या निबंधाच्या लेखकांत स्वतः मिशेल यांचंही नाव आहे. ते त्याआधी दोन वर्षं वारले होते.

मग जगातली मुलं थांबतात तरी कशी? कॅमेरूनमधल्या न्सो समाजाच्या चार वर्षांच्या मुलांना जर्मन संशोधकांनी खुर्चीत बसवलं. समोर पफ-पफ, म्हणजे आपल्या गुलगुल्यांसारखा तळलेला गोड गोळा. दहा मिनिटं थांबायचं होतं. सुमारे ७० टक्के मुलं थांबली. काही तर चुळबुळ न करता चक्क तिथेच झोपी गेली. मध्यमवर्गीय जर्मन मुलांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली होतं. न्सो आया पोटापुरत्या शेतीत राबणाऱ्या. त्या मुलांचे हट्ट पुरवत नाहीत, मोठ्यांचं ऐकायला लहानपणापासून लावतात. आणि मुलं कायम माणसांच्या गराड्यात वाढतात.

जपानमधून आलेली गोष्ट याहून मजेशीर आहे. २०२२ मधल्या एका अभ्यासात जपानी मुलं मार्शमॅलोसाठी पंधरा मिनिटं सहज थांबली, तर अमेरिकी मुलांचा धीर सर्वसाधारणपणे चार मिनिटांच्या आतच सुटला. मग संशोधकांनी खाऊच्या जागी कागदात गुंडाळलेली भेटवस्तू ठेवली, आणि पारडं फिरलं. अमेरिकी मुलं चौदा मिनिटांच्या पुढे थांबली, जपानी पाचच्या आत हरली. जपानी बालवाडीत सगळ्यांना वाढून होईपर्यंत कुणी घास उचलत नाही. अमेरिकी घरात नाताळच्या झाडाखालची खोकी सकाळ होईपर्यंत कुणी फोडत नाही.

मराठी वाचकाला यात काही नवल वाटू नये. गणपतीच्या दिवशी स्वयंपाकघरात मोदकांचा वास दरवळत असतो, आरती लांबत असते, आणि एरवी चॉकलेटसाठी जमिनीवर लोळण घेणारं पोर नैवेद्य होईपर्यंत ताटाभोवती नुसतं घुटमळतं. पंगतीत शेवटच्या पानावर भात पडून श्लोक होईपर्यंत हात आवरून बसतं. त्याला कुणी संयमाच्या शिबिराला पाठवलेलं नसतं. घरातले सगळेच थांबलेत हे त्याला दिसतं. शिवाय गेल्या वर्षी आरतीनंतर मोदक मिळाला होता, त्याच्या आदल्या वर्षीही मिळाला होता.

शिर्डीचे दोन शब्द रिक्षांच्या काचांवर, दुकानांच्या पाट्यांवर सगळीकडे दिसतात. त्यांचा क्रम पाहावा. श्रद्धा आधी येते, सबुरी नंतर. आपण मुलांकडून फक्त दुसरी मागतो. आणि पहिलीचं काय करतो, ते कोणत्याही घरात एक दिवस कान देऊन ऐकावं. ‘आत्ता येते हं’ म्हणून मागच्या दाराने ऑफिसला पसार होणारी आई. ‘सुई अजिबात दुखणार नाही’ म्हणणारे बाबा. ‘येत नसशील तर तुला इथेच सोडून जाते’ असं भर बाजारात बजावणारी मावशी. हे जगभर चालतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांना ताळ्यावर आणण्यासाठी खोटं बोलल्याचं ८४ टक्के अमेरिकी आणि ९८ टक्के चिनी पालकांनी कबूल केलं. दोन्हीकडे सर्रास आढळलेलं खोटं हेच, सोडून जाते. आपली ‘उद्या’ तर वाण्याच्या दुकानातल्या ‘आज रोख, उद्या उधार’ या पाटीतली उद्या असते. चार वर्षांच्या मुलाला पाटी वाचता येत नसेल, पण उद्या किती वेळा आली नाही याचा हिशेब ते चोख ठेवतं.

यावर ठरलेला आक्षेप असा, की मग काय मुलं मागतील ते द्यायचं? न्सो आया काही देत नाहीत, तरी त्यांची मुलं थांबतात. नकारसुद्धा शब्दच आहे, आणि तोही पाळता येतो. ‘नाही’ म्हणून दहा मिनिटांच्या रडण्यानंतर हातात मोबाइल ठेवणारं घर आणि ‘हो’ म्हणून विसरणारं घर, दोन्हीकडे मुलाच्या लेखी मोठ्यांच्या बोलण्याची किंमत सारखीच घसरते. उलट एखादा शब्द मोडला म्हणून मूल कायमचं बिघडतं, असंही नाही. रॉचेस्टरमध्ये काही मिनिटांत मुलांचा अंदाज बदलला, म्हणजे तो पुन्हाही बदलू शकतो.

मात्र शब्द पाळणं नेहमी आईबापांच्या हातात असतं का? इथे पालकत्वाच्या कार्यशाळा गप्प होतात. बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते. मूल आजीकडे, हंगामी वसतिगृहात, नाहीतर फडातल्या कोपीवर. हंगाम संपल्यावर सायकल घेऊ, असं बाप मनापासून सांगतो. पण उचल फिटली नाही तर सायकल कुठली? तो खोटारडा नाही. त्याच्या उद्यावर त्याचा ताबा नाही एवढंच. त्याच्या मुलाने बशीतला लाडू लगेच खाल्ला, तर त्याने घरात शिकलेला धडा बरोबर गिरवला. ‘हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नये’ ही म्हण ज्या भाषेने घडवली, तिला हा शहाणपणा परका नाही.

म्हणून मुलांचा संयम वाढवायचा असेल तर कामाची यादी शिबिरांच्या जाहिरातींपेक्षा वेगळी निघते. वेळेवर होणारी मजुरी त्यात येते. अंगणवाडीत ठरल्या वेळी येणारी गरम खिचडी, जूनमध्येच हातात पडणारा गणवेश, संध्याकाळी आई घरी पोचेल असं पाळणाघर आणि तिला वेळेत आणणारी बस येते. घरातल्या वडिलांनी शब्द देण्याचं आणि निभावण्याचं काम आईवर न सोडणं येतं. वॉट्स यांच्या आकड्यांत कुटुंबाची परिस्थिती म्हणून जे एका शब्दात बसवलं जातं, ते जमिनीवर असं दिसतं.

आणि तरीही एखाद्या रविवारी कुणा बाबांना हुक्की येईल. ते बशीत पेढा ठेवतील, मोबाइल टेकवून उभा करतील, ‘थांबलास तर दोन’ म्हणत दाराआड जातील. तीस सेकंदांत पेढा गट्टम झाला, तर चित्रफीत नातेवाइकांच्या गटावर टाकून हसण्याआधी त्यांनी मागच्या रविवारी काय कबूल केलं होतं ते आठवावं. बागेत न्यायचं होतं बहुतेक. मुलाला विचारलं तर ते बरोबर सांगेल, झोपाळ्याच्या रंगासकट.