किती वाजताची वीज?

तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलवला की तारेत विद्युतप्रवाह सुरू होतो. चुंबक थांबला की प्रवाहही थांबतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हे दाखवून दिले आणि जगातली बहुतेक वीज आजही याच तत्त्वावर तयार होते. चंद्रपूरचा कोळसा, तारापूरचे युरेनियम, कोयनेचे पाणी, वनकुसवडे पठारावरचा वारा या सगळ्यांचे काम शेवटी एकच, चुंबक आणि वेटोळे यांना एकमेकांसमोर फिरते ठेवणे.

वीजकेंद्रातल्या या यंत्राला जनित्र म्हणतात. मध्यभागी दांड्यावर फिरणारा विद्युतचुंबक असतो आणि त्याच्याभोवती तांब्याची स्थिर वेटोळी. चुंबकाचा उत्तर ध्रुव समोरून गेला की वेटोळ्यातला प्रवाह एका दिशेने जातो, दक्षिण ध्रुव गेला की उलट दिशेने. भारतात ही अदलाबदल सेकंदाला ५० वेळा पुरी व्हावी लागते. यालाच ५० हर्ट्‌झची वारंवारता म्हणतात. कोळशाच्या केंद्रातला दोन ध्रुवांचा चुंबक त्यासाठी मिनिटाला ३००० फेऱ्या मारतो. पाण्यावरचा संच संथ असतो, म्हणून त्याला ध्रुव जास्त लागतात. मिनिटाला ३०० फेऱ्या घेणाऱ्या संचाला २० ध्रुव असतात.

शाळेच्या पुस्तकात बहुधा एका ओळीत उरकला जाणारा भाग खरा महत्त्वाचा आहे. वेटोळ्यातून प्रवाह वाहू लागला की त्याचेही एक चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि ते फिरणाऱ्या चुंबकाला मागे ओढते. रिकामे जाते एका हाताने फिरते, पण मूठभर दाणे वैरले की खुंटा जड लागतो, जनित्राचेही तसेच. नाशिकच्या घरात गिझर लावला की शेकडो किलोमीटरवरचे जनित्र तेवढ्यापुरते जड होते. त्याच वेळी टर्बाइनवर जास्त वाफ किंवा जास्त पाणी सोडले नाही, तर त्याचा वेग उतरू लागतो. म्हणजे विजेची मागणी आणि निर्मिती यांचा हिशेब महिनाअखेरीस नव्हे, क्षणोक्षणी जुळवावा लागतो. तारांमध्ये वीज साठून राहत नाही.

चुंबक फिरवण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा मार्ग अजूनही कोळसा आहे. २९२० मेगावॉटचे चंद्रपूर केंद्र हे त्याचे ठळक उदाहरण. कोळसा भट्टीत पिठासारखा बारीक करून फुंकतात, पाण्याची उच्च दाबाची वाफ करतात आणि ती टर्बाइनच्या पात्यांवर सोडतात. एका युनिटमागे साधारण अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो आणि त्यातली जेमतेम एक तृतीयांश उष्णता विजेत उतरते. उरलेली धुराड्यातून आणि शीतकरण मनोऱ्यांतून हवेत जाते. वाफ थंड करायला पाणीही मुबलक लागते. परळीचे संच २०१५ च्या दुष्काळात बंद ठेवावे लागले ते कोळशाअभावी नव्हे, पाण्याअभावी. शिवाय थंड पडलेला कोळशाचा संच पुन्हा पूर्ण भारावर यायला कित्येक तास घेतो. तारापूरला १९६९ पासून चालणाऱ्या अणुकेंद्रात भट्टीची जागा अणुभट्टी घेते. पुढची वाफ, टर्बाइन आणि जनित्र तेच.

पाण्याची गोष्ट वेगळी आहे. सह्याद्रीचा उतार विजेसाठी मोठ्या प्रमाणावर प्रथम वापरला गेला तो खोपोलीत, १९१५ साली. टाटांनी लोणावळ्याच्या परिसरातल्या तलावांचे पाणी नळांमधून घाटाखाली सोडले आणि त्यावर मुंबईच्या गिरण्या चालवल्या. एवढ्या उंचीवरून येणाऱ्या पाण्यासाठी पेल्टन चक्र वापरतात. त्याच्या परिघावर जोडवाट्या बसवलेल्या असतात. नळाच्या तोंडातून सुटलेली धार दोन वाट्यांमधल्या धारदार कण्यावर आदळते, दुभंगते, दोन्ही वाट्यांच्या पोटातून वळते आणि उलट्या दिशेने बाहेर पडते. चक्र नीट घडवलेले असेल, तर बाहेर पडणाऱ्या पाण्यात वेग जवळपास उरतच नाही. तो सारा चक्राने घेतलेला असतो. एखाद्या यंत्राचे सौंदर्य त्याच्या कार्यक्षमतेत असते याला याहून चांगला दाखला मिळणे अवघड.

हीच कल्पना कोयनेत फार मोठ्या प्रमाणावर उतरली. कोयना मुळात पूर्वेकडे, कृष्णेला जाऊन मिळणारी नदी. सातारा जिल्ह्यात १०३ मीटर उंचीच्या धरणाने ती अडवली, शिवसागर जलाशय झाला आणि त्याचे पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांमधून पश्चिमेला वळवले. पोफळीच्या भूमिगत वीजगृहात ते सुमारे ४७५ मीटर खाली येते. प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यासाठी पाणी घेताना तर १९९९ मध्ये जलाशय रिकामा न करता तळाशी राखलेला खडकाचा शेवटचा थर सुरुंगाने उडवला गेला. वीजगृहांतून सुटलेले पाणी कोळकेवाडीला पुन्हा अडवतात, त्यावर तिसऱ्या टप्प्याचे संच चालवतात आणि मग ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राकडे जाते.

या आकड्यांचा घरगुती अर्थ काढून पाहण्याजोगा आहे. हजार लिटर पाणी ४७५ मीटर खाली आले की वाटेतली घट वजा जाता एक युनिटहून थोडी जास्त वीज हाती लागते. वीस लिटरची बादली अंघोळीपुरती, म्हणजे २५ अंश सेल्सिअसने तापवायला अर्ध्या युनिटहून थोडी जास्त लागते. म्हणजे एक बादली गरम करायला सुमारे पंचवीस बादल्या पाणी घाट उतरते.

कोयनेच्या सर्व टप्प्यांची एकूण क्षमता १९६० मेगावॉट आहे. एवढे संच वर्षभर अखंड चालले, तर सुमारे १७०० कोटी युनिट वीज मिळेल. पण कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे आणि ढोबळ हिशेबाने तेवढ्या पाण्यातून सुमारे ३०० कोटी युनिटच निघतात. यंत्रे पाण्याच्या मानाने कितीतरी मोठी आहेत. यात नियोजनाची चूक नाही, उलट शहाणपण आहे. कोयना दिवसभर चालवण्यासाठी बांधलेलीच नाही. मागणी एकदम चढेल त्या तासांसाठी ती राखायची आहे. झडप उघडली की पाण्यावरचा संच काही मिनिटांत भार उचलतो. कोयनेचे पाणी समुद्रात ‘वाया’ जाते की नाही, या वादात दोन्ही बाजू युनिटच मोजत बसतात. मोजायला हवे ते ही युनिटे कोणत्या वेळी मिळतात.

या वेळेची किंमत ५ एप्रिल २०२० च्या रात्री साऱ्या देशाला दिसली. पंतप्रधानांच्या आवाहनानुसार रात्री ९ वाजता नऊ मिनिटांसाठी घरोघरचे दिवे बंद झाले आणि देशाची मागणी काही मिनिटांत ३१ हजार मेगावॉटहून अधिक घसरली. अंदाज याच्या निम्म्याहून कमी घसरणीचा होता. कोळशाच्या संचांना इतक्या झपाट्याने मागेपुढे करता आले नसते. जलविद्युत केंद्रांनी सुमारे १७,५०० मेगावॉट निर्मिती खाली आणली आणि दिवे लागताच पुन्हा वर नेली. वारंवारता ४९.७० ते ५०.२६ हर्ट्‌झच्या आतच राहिली. ग्राहकाला काहीच जाणवले नाही, हेच मागणी आणि निर्मितीचा मेळ घालणाऱ्या भार प्रेषण केंद्रांचे यश.

केंद्रातून निघालेली वीज रोहित्रांवाटे २२०, ४०० किंवा ७६५ किलोव्होल्टपर्यंत चढवून पाठवतात. दाब वाढला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह कमी पुरतो, आणि तारेत उष्णतेच्या रूपाने होणारी घट प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती झपाट्याने उतरते. रायचूर-सोलापूर वाहिनीने २०१३ च्या अखेरीस दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले. तेव्हापासून त्या जाळ्यातली सारी जनित्रे एकाच तालात फिरतात.

सौरपट्टीत मात्र चुंबक नाही, वेटोळे नाही, फिरणारे काहीच नाही. सिलिकॉनवर पडलेला प्रकाश इलेक्ट्रॉन मोकळे करतो, एकाच दिशेचा प्रवाह मिळतो आणि इन्व्हर्टर त्याचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करतो. इंधनाचा खर्च शून्य. पण ही वीज दुपारी भरभरून येते आणि नेमकी दिवेलागणीला, घरोघर मागणी चढू लागताना, नाहीशी होते. अमुक हजार मेगावॉट सौर क्षमता उभारल्याच्या घोषणा त्यामुळे अर्ध्याच खऱ्या असतात. सौरऊर्जा वाढेल तशी संध्याकाळच्या कोयनेची गरज कमी न होता वाढणार आहे. दुपारच्या स्वस्त विजेसमोर धरणाचे पाणी खर्चणे हा शुद्ध अपव्यय ठरेल.

यावर उपाय दोन दिशांनी होतो. पहिला, मागणीच दिवसा आणणे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची खरी कमाई इथे आहे. शेतपंपांना रात्रीची वीज देऊन शेतकऱ्याला साप-विंचू आणि बिबट्याच्या भीतीत पाणी भरायला लावण्याची पद्धत मुळातच वाईट होती. या योजनेत दिवसाची सौरवीज शेतपंपांवरच, साठवणुकीवाचून खपते. दुसरा उपाय म्हणजे साठवण. घाटघरच्या २५० मेगावॉटच्या प्रकल्पात मागणी कमी असताना खालच्या जलाशयातले पाणी वर चढवतात आणि गरजेच्या वेळी पुन्हा खाली सोडतात. या व्यवहारात साधारण चार युनिट घालून तीन परत येतात. कागदावर हा तोटा दिसतो, पण दुपारची चार आणि सायंकाळची तीन युनिटे यांचे मोल सारखे नाही. मोठ्या उद्योगांच्या बिलात वेळेनुसार वेगळा दर अनेक वर्षांपासून आहे. घरगुती ग्राहकांपर्यंत तो आता कुठे पोचू लागला आहे, आणि त्यासाठी किती युनिटे वापरली याबरोबरच ती केव्हा वापरली हेही नोंदवणारे मीटर घरोघरी लागतात.