शंभर ग्रॅमच्या आधीचं वजन

विनेश फोगटचं नाव काढलं की आपल्याकडे पुढचा शब्द ठरलेला असतो, शंभर ग्रॅम. पॅरिस ऑलिंपिकला आता बराच काळ लोटला, तरी परवा आमच्या चहाच्या टपरीवर याच विषयावर दोघांची जुंपली. एकाच्या मते तो मोठा कट होता. दुसरा म्हणाला, वजन सांभाळता येत नाही ती पैलवान कसली! मला दोन्ही पटत नाही. त्या शंभर ग्रॅमच्या मागे दोन-तीन वर्षांचा हिशेब आहे आणि तो कुणी मांडत नाही.

हरियाणातल्या बलाली गावची ही मुलगी. लहानपणीच वडील गेले, काका महावीर फोगट यांनी कुस्तीत घातलं. ते सिनेमामुळे घराघरात माहीत आहे, सोडून देऊ. मला तिच्या वजनगटांबद्दल बोलायचंय. २०१४ चं ग्लासगो राष्ट्रकुल सुवर्ण ४८ किलोत. २०१६ ला रिओतही ४८ मध्येच, तिथे चीनच्या सुन यानानविरुद्ध गुडघा गेला आणि पोरगी स्ट्रेचरवरून बाहेर आली. २०१८ ला गट बदलले, ४८ जाऊन ५० आला. त्यात तिने राष्ट्रकुल सुवर्ण घेतलं आणि जकार्ताला आशियाई सुवर्णही घेतलं. आशियाई स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण घेणारी ती पहिली भारतीय महिला. त्यानंतर शरीर भरलं, ती ५३ मध्ये गेली. २०१९ आणि २०२२ चं जागतिक कांस्य, टोकियो ऑलिंपिक, बर्मिंगहॅमचं सुवर्ण, हे सगळं ५३ मधलं आहे. म्हणजे पॅरिसच्या आधीची सलग चार वर्षं ती ५३ ची पैलवान होती.

मग पॅरिसला ५० मध्ये का?

२०२३ च्या जानेवारीत ती, साक्षी मलिक, बजरंग पुनिया जंतरमंतरवर बसले. तेव्हाचे कुस्ती महासंघाचे अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर महिला पैलवानांच्या लैंगिक छळाचे आरोप होते. त्यांनी ते फेटाळले, प्रकरण कोर्टात गेलं. एप्रिलपासून पुन्हा धरणं, २८ मे रोजी पोलिसांनी उचललं तो दिवस सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. पैलवानाचं वर्ष सरावावर चालतं, हिचं फुटपाथवर गेलं. ऑगस्टमध्ये सरावात गुडघा दुखावला, मुंबईत शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर इकडे अंतिम पंघालने जागतिक स्पर्धेत कांस्य घेऊन ५३ चा ऑलिंपिक कोटा भारताला मिळवून दिला. (अंतिमचा यात काडीचा दोष नाही. पोरीने हक्काने मिळवलेलं आहे ते.)

जागतिक स्पर्धेत महिलांचे दहा वजनगट असतात, ऑलिंपिकमध्ये फक्त सहा. ५३ च्या वर थेट ५७, खाली ५०. आणि एका गटात देशाची एकच पैलवान. मार्च २०२४ मध्ये पतियाळाला निवड चाचणी झाली, तिथे विनेश ५० आणि ५३ अशा दोन्ही गटांत उतरली. ५० मध्ये जिंकली आणि तिचा रस्ता तिथेच ठरला. तिशीला आलेली, गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेली बाई पुन्हा पाच-सहा वर्षांपूर्वीच्या गटात.

६ ऑगस्टला सकाळी वजन भरलं ४९.९. त्या दिवशी तिने जपानची युई सुसाकी पाडली, जी तोवर आंतरराष्ट्रीय कुस्तीत कुणाकडून हरलीच नव्हती. मग युक्रेन, मग क्युबा. तीन कुस्त्या झाल्यावर पोटात अन्नपाणी गेलं आणि काटा ५२.७ वर. रात्रभर पळणं, घाम काढणं, शेवटी केससुद्धा कापले. दोन किलो सहाशे ग्रॅम उतरवले तिने त्या रात्री. आपण मात्र उरलेल्या शंभरावर बोलत बसलो.

आता नियम. दुसऱ्या दिवशीच्या वजनात नापास झालात तर पहिल्या दिवसाचं सगळं पुसलं जातं, नाव थेट तळाला. क्रीडा लवादाने तिचं अपील १४ ऑगस्टला फेटाळलं, पण तिने काही गैर केलं नव्हतं आणि परिणाम फार कठोर आहेत, असंही निकालात नोंदवलं. नियम वाईट हेतूने आलेला नाही, हेही लिहायला हवं. पूर्वी वजन आदल्या दिवशी व्हायचं, पैलवान पाच-सहा किलो उतरवून रात्रीत परत भरायचे. १९९७ मध्ये अमेरिकेत असं वजन उतरवताना महिनाभरात कॉलेजचे तीन पैलवान मेले. २०१८ पासून दोन दिवस, दोन्ही सकाळी काटा, तो याच कारणाने. कट बघणाऱ्यांनी हे वाचावं.

हे सगळं मी इथे, आपल्या तालुक्यात बसून का लिहितोय? कारण हाच प्रकार आपल्या मैदानातही चालतो, आणि इथे तर डॉक्टरही नसतो. २०२३ ला सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाल्यापासून आपल्या भागातल्या तालमींत मुली वाढल्या. चांगलं झालं. पण गेल्या हंगामात एका शालेय स्पर्धेचं वृत्तांकन करायला गेलो, तर सकाळी सातला चौदा-पंधरा वर्षांच्या मुली अंगात दोन-दोन जॅकेटं घालून मैदानाला फेऱ्या मारत होत्या. एक कोपऱ्यात बसून बाटलीत थुंकत होती. आदल्या दुपारपासून पोटात काही नाही. काट्यावरून उतरली आणि समोरच्या गाड्यावर दोन वडापाव खाऊन अर्ध्या तासात कुस्तीला उभी. तिच्या वस्तादांना विचारलं तर म्हणाले, "पत्रकारसाहेब, सगळेच करतात."

करतात, मान्य. पण त्या वयात हाड वाढत असतं. पाळीच्या दिवसांत अंगात पाणी धरतं, वजन किलोभर इकडेतिकडे होतं. बहुतेक तालमीत वस्ताद पुरुष. मुलगी हे सांगणार कुणाला? ती गप्प बसते आणि जेवण बंद करते.

विनेश नंतर जुलानातून आमदार झाली, तिचं ती बघेल. आपल्या पोरींच्या बाबतीत दोन गोष्टी उद्यापासून होऊ शकतात. मुलीचं वजन स्पर्धेच्या महिनाभर आधी तालमीत लिहून ठेवा आणि त्यावरून गट ठरवा, गटावरून वजन नको. आणि फेटे-ढालीवर खर्च होतो त्यातून वजनाच्या वेळी एक लेडी डॉक्टर बसवा. आपल्या गावात मानधन न घेता येतील अशा दोघी तरी मला माहीत आहेत, त्यांच्याशी बोललोय.

दिवाळीनंतरच्या तालुका स्पर्धेला वजनाच्या वेळी मी काट्यापाशी उभा असेन, आयोजकांना तसं कळवलंय. ज्यांच्या मुली उतरणार आहेत त्यांनी मेसेज करा, नावं कुठेही येणार नाहीत.