दूध का फाटते?



मोताळ्याच्या उन्हाळ्यात सकाळचे दूध दुपारी तापत ठेवले की फाटते आणि घरात हळहळ होते. त्याचे कारण दुधातल्या कणांत आहे.

गाईच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते. त्याचे कण इतके बारीक, की एका मिलिमीटरमध्ये पाच-सात हजार ओळीने बसावेत. ते मोजण्यासाठी पातळ केलेल्या दुधात लेसरचा झोत सोडतात. लहान कण भराभर हलतात, मोठे सावकाश. त्यांच्यावरून विखुरणाऱ्या प्रकाशाच्या लुकलुकण्यावरून कण केवढा ते कळते. तो जवळजवळ गोल असतो, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवले.

तुम्हीही करून पाहा. पेलाभर पाण्यात साय काढलेल्या दुधाचे दोन थेंब टाका आणि अंधारात बॅटरीचा झोत सोडा. बाजूने पाहिल्यास झोत निळसर दिसेल. कण दिसत नाहीत, पण त्यांनी उधळलेला उजेड दिसतो.

प्रत्येक कणावर बारीक लव असते. ती कणांना एकमेकांना चिकटू देत नाही. जंतूंमुळे आंबटपणा वाढला की लव मावळते, कण एकत्र येतात. मग जरा आच लागताच दूध फाटते.

म्हणून भांडी उकळत्या पाण्याने धुवा. धार काढताच किटली गार पाण्यात ठेवा, वर ओले गोणपाट टाका. रात्रीच्या दुधात सकाळचे कोमट दूध मिसळू नका.

विरजण लावून आपण हेच कण मुद्दाम एकत्र आणतो. फरक इतकाच, की दही आपल्या मर्जीने लागते. दूध फाटते ते आपल्या हयगयीने.