मामांकडे राहणें कीं मामांना सोसणें?

आमच्या आप्तांपैकीं एक तरुण नोकरीच्या शोधार्थ पुण्यास येऊन आपल्या मामांच्या घरीं उतरला होता. एक अर्ज त्यानें इंग्रजींत लिहिला आणि भाषा तपासण्यासाठीं मामांच्याच हातीं दिला. त्यांत वाक्य होतें, ‘आय ॲम पुटिंग अप विथ माय अंकल.’ मामांनीं अर्ज वाचून मुकाट्यानें परत केला. संध्याकाळीं मामींनीं मात्र विचारलें, “अरे, आमचा एवढा जाच होतो का तुला?”

मुलाला म्हणावयाचें होतें, ‘मी मामांकडे राहतों.’ लेखणींतून उतरलें, ‘मी मामांना कसाबसा सोसतों आहें.’

ही फसगत कशी होते तें पाहूं. ‘पुट’ म्हणजे ठेवणें. ‘पुट अप’ म्हणजे एखाद्यास आपल्या घरीं उतरवून घेणें, किंवा स्वतः कोठें उतरणें. त्याला ‘विथ’ जोडला कीं आजच्या इंग्रजींत ऐकणारा प्रथम सोसण्याचाच अर्थ घेतो. आपल्याकडे ‘हृ’ या एकाच धातूपासून उपसर्गभेदानें आहार, विहार आणि संहार होतात, हें वाचकांस ठाऊकच आहे. इंग्रजींत हें काम करणारे शब्द क्रियापदानंतर येतात, एवढाच भेद.

‘सोसणें’ हा प्रतिशब्द मात्र सर्वस्वीं पुरत नाहीं. पुत्रशोकासारखें मोठें दुःख सांगतांना इंग्रज ‘बेअर’ किंवा ‘एन्ड्युअर’ म्हणेल. ‘पुट अप विथ’ हें रोजच्या कटकटींसाठीं: गळकें छप्पर, शेजारचा गोंगाट, वरिष्ठांचा तिरसटपणा. तेथें आपलें ‘चालवून घेणें’ अधिक जवळचें. आणि ‘आय वोन्ट पुट अप विथ इट’ असें कोणी ठणकावलें, तर ‘मी हें खपवून घेणार नाहीं’ हेंच त्याचें खरें मराठी.

मग त्या तरुणानें काय लिहावें? ‘आय ॲम स्टेइंग विथ माय अंकल’ हें सरळ व निर्दोष. परंतु आम्हांस विचाराल तर घरच्या पत्रांत त्यानें ‘माय अंकल हॅज पुट मी अप’ असें लिहावें. ‘विथ’ गेला कीं जाच गेला; शिवाय येथें कर्ता मामा होतात, आणि तेंच यथार्थ आहे. दोन खोल्यांच्या त्या घरांत सोसण्याचा प्रश्न असलाच, तर तो मामा-मामींचा होता. आणि त्यांनीं तो एका शब्दानेंही बोलून दाखविला नव्हता.