पाहुण्याच्या लक्षात काय राहते?

व्यापारी मेळावा भरवायचा म्हटला की आपल्याकडे आधी मंडपवाला ठरतो, मग प्रमुख पाहुणे. मेळावा कशासाठी, हे ठरायचे राहूनच जाते. दोन तास हारतुरे, त्यावर भाषणे, जेवणाला तीन वाजतात आणि जोहरची आठवण कुणालाच नसते. पदरमोड करून आलेला कारागीर एकाही गिऱ्हाइकाशी न बोलता एस.टी. पकडतो.

देवगड तालुक्यातील कुणकेश्वरची महाशिवरात्रीची यात्रा आमच्या व्यापाऱ्यांनी या नजरेने पाहावी. तारीख कळवावी लागत नाही, ती पंचांगातच असते. गावोगावचे देव पालख्यांसह समुद्रस्नानाला येतात. आलेला प्रत्येक गाव त्यात सामील असतो, नुसता खुर्चीवर बसत नाही. परतणाऱ्याच्या हाती मालवणी खाजाचा पुडा असतो आणि घरी यात्रेची गोष्ट त्या पुड्यापासून सुरू होते. या मंदिराच्या बांधणीशी वादळातून वाचलेल्या एका मुसलमान व्यापाऱ्याचे नाते सांगतात. दंतकथाच ती, पण किनाऱ्यावर अजून सांगितली जाते.

आमची सूचना साधी आहे. रमजान टाळून दरवर्षी एकच रविवार धरावा. कार्यक्रम नमाजाच्या वेळा पाहून आखावा. कारागिरांना मंडपाच्या तोंडाशी जागा द्यावी, म्हणजे आत शिरणाऱ्याची नजर प्रथम मालावर पडेल. आणि शालींचा खर्च वाचवून कारागिरांचे एस.टी.चे भाडे द्यावे. पुढच्या बैठकीत हा हिशेब कुणीतरी मांडावा.