टाळेबंदीच्या छायेतील करार

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल, म्हणजे पायापेक्षा हातांनीच अधिक खेळला जाणारा तो धसमुसळा खेळ, हा एक मोठा उद्योग आहे. त्यातील खेळाडू लक्षावधी डॉलरांचे धनी. तेव्हा त्यांच्या तंट्याविषयी सामान्य नोकरदाराला फारशी सहानुभूती वाटू नये, हे स्वाभाविकच. परंतु तंटा पेटण्यापूर्वीच त्याची झळ करारपत्रांना कशी लागते, हे त्या खेळात फार स्पष्ट दिसते.

२००६ साली खेळाडूंच्या संघटनेशी झालेला सामुदायिक करार मुदतीपूर्वीच संपविण्याचा निर्णय संघमालकांनी मे २००८ मध्ये घेतला. परिणामी २०१० चा हंगाम वेतनखर्चाच्या कमाल मर्यादेविना पार पडला. मर्यादा उठली म्हणजे खेळाडूंची चंगळ झाली असेल, असे कोणासही वाटेल. घडले ते निराळेच. करार संपल्यावर मुक्तपणे दुसरा संघ गाठण्यास पूर्वी चार हंगामांची सेवा पुरे होत असे, ती आता सहा लागू लागली. दोनशेहून अधिक खेळाडू या एका अटीने जुन्याच दावणीला राहिले.

खेळाडूचे मूळ वेतन तेव्हा हंगामातील आठवड्यांच्या हप्त्यांनी मिळत असे. सामने नाहीत तर वेतन नाही. मालकांनी मात्र सामने न झाले तरी दूरचित्रवाणी कंपन्यांकडून सुमारे चार अब्ज डॉलर मिळावेत, अशी तजवीज करून ठेवली होती. ती संघटनेशी झालेल्या कराराचा भंग करणारी असल्याचा निर्णय न्यायमूर्ती डेव्हिड डॉटी यांनी १ मार्च २०११ रोजी दिला. अशा वेळी पुढील वर्षांच्या मोठ्या आकड्यांपेक्षा सही करतानाच हाती पडणारी रक्कम खेळाडूला मोलाची वाटली, तर त्याला हावरा म्हणता येणार नाही.

काही संघांनी मोकळीक वापरली. डॅलसने माइल्स ऑस्टिनच्या वेतनाचा मोठा भार, सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर, २०१० मध्येच उरकून टाकला. वॉशिंग्टननेही तोच मार्ग धरला. मर्यादाच नसलेल्या वर्षात हे गैर कसे? तरीही मार्च २०१२ मध्ये या दोन संघांच्या पुढील वेतनमर्यादेतून अनुक्रमे १ कोटी आणि ३ कोटी ६० लाख डॉलर कापण्यात आले. या कपातीला खेळाडूंच्या संघटनेनेही संमती दिली होती. आणि काही आठवड्यांतच तीच संघटना मालकांनी संगनमत केल्याचा आरोप घेऊन न्यायालयात गेली!

टाळेबंदी १२ मार्च २०११ रोजी सुरू झाली आणि जुलैच्या अखेरीस उठली. हंगामाचा एकही अधिकृत सामना बुडाला नाही. तडजोडीची किंमत दिली ती नवागतांनी. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरांचा करार मिळाला होता. पुढच्याच वर्षी त्याच मानाने निवडलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी सुमारे २ कोटी २० लाख. नव्या वेतनश्रेणीवर मत देणारे सारे जुने खेळाडू होते. ज्यांचे वेतन कापले जात होते, त्यांना त्या मतदानात स्थानच नव्हते.