शिरोरेषा तोडू नका!

एक सोपा प्रयोग करा. वहीत 'हिंजवडी' लिहा. त्याखाली तेच 'हिं ज व डी' असं सुटं लिहा. पहिलं बघताक्षणी कळतं, दुसरं जुळवून वाचावं लागतं. अक्षरं तीच, शाई तीच. मग फरक कुठे पडला?

फरक पडला आपल्या बघण्यात. माक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने १९२३ साली दाखवलं की आपण सुटे ठिपके पाहत नाही, गट पाहतो. जवळच्या आणि सारख्या दिसणाऱ्या गोष्टी आपोआप एकत्र धरतो. १९९४ मध्ये पामर आणि रॉक यांनी त्यात भर घातली. रेषेने जोडलेल्या गोष्टी तर आपण एकच वस्तू समजतो.

आता आपली शिरोरेषा आठवा! मोडी लिहिताना ही रेघ आधी ओळभर ओढायचे आणि मग खाली अक्षरं लिहायचे. म्हणूनच मोडीत शब्द कुठे संपला हे नवख्याला चटकन दिसत नाही. देवनागरीत रेघ शब्दापुरतीच, त्यामुळे शब्द लगेच उठून दिसतो. घाईत रेघ न देता लिहिलेलंही वाचता येतं, कारण अक्षरांची जवळीक शिल्लक असते.

डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधलं 'लेटर-स्पेसिंग' मात्र दोन्ही घालवतं. इंग्रजी शीर्षक त्याने रुबाबदार दिसतं, मराठीचे तुकडे होतात. गॅदरिंगच्या बॅनरवर 'स्ने ह सं मे ल न' बघून आपण हसतो आणि विसरतो. पण चाकणच्या एखाद्या शॉपफ्लोअरवर धोक्याची पाटी अशी असली तर? कामगाराला अक्षरं जुळवत बसायला वेळ नसतो. वर 'पाटी वाचली नाही' हा दोष त्याच्याच माथी!

एकेकाळी आयआयटी मुंबईत शिकवणाऱ्या र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी 'मंगल' हा देवनागरी फाँट घडवला. अशा फाँटमध्ये अक्षरं शेजारी आली की शिरोरेषा आपोआप जुळते. एवढ्या मेहनतीने जुळवलेलं आपण एक आकडा टाकून मोडतो.

'चालतंय की, कळतं ना!' हे उत्तर इंजिनीअरला शोभत नाही. उद्या हिंजवडीतल्या कंपन्यांत आपल्यापैकीच कुणीतरी मराठी ॲपचे स्क्रीन बनवणार. तेव्हा मराठीला स्पेसिंग शून्य ठेवा. उठाव हवा तर अक्षर मोठं किंवा ठळक करा. आणि छापण्याआधी मेसच्या काकांना दहा पावलांवरून वाचायला सांगा. ते अडखळले, तर चूक आपली.